चिठ्ठीवाली

प्रसन्नदादाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणी वाट पाहत बसू नये की आता ही रडेल, आता दोघं फोनवर बोलतील, आता झालं गेलं विसरतील. नात्यातल्या तीन बायकांनी आणि इथं दक्षिणेत, होसूरला माझ्या नवऱ्यानं मला समजावून झालं आहे. मागच्या दिवाळीला मावशी फोनवर म्हणाली, "सोडून दे व माय. किती वर्षं धरून ठेवशीन?" मी म्हटलं, "मावशे, तुह्यासाठी सांगशीन थे करीन. हे सोडून." ती हसली. ती हसली म्हणून मला बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर भीती वाटली की मनातून रागावली तर नसेल. चाळिशी जवळ आली, घर स्वतःचं आहे, गॅसचं कार्ड माझ्या नावावर आहे, तरी मावशी रागावेल या विचारानं मी अजून तीच पाहुणी पोर होते. दुसऱ्याच्या घरी तिसरी पोळी घेताना ज्यानं आधी डब्याकडे आणि मग वाढणारीच्या तोंडाकडे पाहिलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

माझं घर वर्ध्याजवळच्या आंजीचं. बाबांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीत दिवसभर रेडिओ. पण गिरणी सुरू असताना गाणं पुरं कधी ऐकूच यायचं नाही. पट्टा थांबला की मधलंच एखादं कडवं कानावर पडायचं, पट्टा सुरू झाला की गाणं पिठात बुडायचं. गाण्यातला कोणता तुकडा गोंगाटाला पुरून उरतो, हे मला त्यामुळे फार लवकर कळलं. अजूनही माझं मत तेच आहे. ज्या गाण्याची पहिली वीस सेकंदं गिरणीच्या आवाजावर तरंगत नाहीत, ते गाणं लग्नात वाजवा नाही तर निवडणुकीत, कुणाच्या ध्यानात राहणार नाही. हल्ली तर ती पहिली वीस सेकंदंच कापून टाकतात. थेट ढोल. म्हणजे पाहुणा दारात चप्पल न काढता स्वयंपाकघरात.

शाळा मी नववीत सोडली. गणितात आणि इंग्रजीत गेले, बाबा म्हणाले पुन्हा बस, मी म्हटलं नाही. कुणी मला शाळेतून काढलं नाही. मीच दप्तर गिरणीच्या खुंटीला अडकवलं. हे लिहून ठेवते, कारण पुढं ज्याला त्याला वाटत आलं की बिचारीला शिकू दिलं नाही. नंतर दोन वर्षं गिरणीत पीठ चाळलं. मग एकदा मावशी आंजीला आली, माझ्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया पाहिल्या आणि आईला म्हणाली, "हिले मी घेऊन चाल्ली. दुकानात हात लावीन, चार मानसं पाहीन." अशी मी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीला आले. मावशीनं त्या दिवशी मला नेलं नसतं तर मी आज कोण असते हे मला माहीत नाही, आणि ज्या माणसाचा मी इथं सूड घेणार आहे तो तिच्याच पोटचा आहे. हा गुंता मला तेव्हाही सुटला नाही.

मोसाजींचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. रिचार्ज, झेरॉक्स, आणि मुख्य धंदा कार्ड भरून देण्याचा. आता पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा लोक मोबाइलमधलं नखाएवढं मेमरी कार्ड काढून कागदात गुंडाळून आणायचे, आणि आम्ही त्यात कॉम्प्युटरवरून गाणी आणि गेम भरून द्यायचो. 'वरातीचे', 'दर्दभरे', 'देवाचे' असे फोल्डर होते. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदा. इकडे कॉम्प्युटर सुरू होतानाचा टुंग आवाज आणि तिकडे कुकरची शिट्टी, इकडे वरातीतल्या धुमालवाल्यांचा ताशा आणि तिकडे मावशीचा खलबत्ता. मेथीची फोडणी बसली की गिऱ्हाईक नाक वर करून म्हणायचं, "बाई, गानी भरता भरता जेवाले बी वाढा." रविवारी गोळाभात ठरलेला. डाळीच्या भरड्याचे गोळे भातात शिजवलेले, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, सांबार चिरून भुरभुरलेला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इथं होसूरला मी पहिल्याच दिवशी भाजीवाल्याकडे सांबार मागितला आणि त्यानं मला हॉटेलचा रस्ता दाखवला.

चिठ्ठ्यांचं गुलाबभाऊमुळे सुरू झालं. गुलाबभाऊ एसटीचे ड्रायव्हर, समुद्रपूरच्या मुक्कामी गाडीवर असायचे. एकदा येऊन म्हणाले, "पोरी, सव्वाशे गानी भरली तू, पन कोनतं कोनतं हाय थे कसं कळन? फोनवर नुसते आकडे दिसून राह्यले." म्हणून मी कागदाच्या कपट्यावर आकड्यांपुढं गाण्याचे बोल लिहून दिले. लिहिता लिहिता राहवेना, तर काहींच्या पुढं माझं मतही लिहिलं. पुढच्या फेरीला ते आले ते हसतच. "अकरा नंबरवाली चिठ्ठी मी साऱ्या कंडक्टरायले वाचून दाखवली." अकरा नंबरला मी लिहिलं होतं: 'यात हिरो रडून राह्यला, पन बासरी त्याच्या आधीच रडून मोकळी झाली. बासरीपुरतं आयका, मंग बंद करा.'

मग मला चटकच लागली. एका जुन्या गाण्याला नवीन ढोल लावलेला होता, त्यावर लिहिलं: 'आजीले जीन्स घातली. आजी बरी दिसते, पन चालताना लाजून राह्यली.' मोटारसायकलच्या गेमवर: 'याच्यात पेट्रोल सरत नाई, भूक लागत नाई, घरून फोन येत नाई. म्हून पोट्टे याच्यातून बाहेर येत नाई.' मारामारीच्या गेमवर: 'यातल्या बाईची वेनी तीस फायटी झाल्या तरी सुटत नाई. कोन घालून देते थे सांगा, मले बी घालून घ्याची हाय.' गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक रडायचे त्याच्यावर, मालिकेत सासूनं वळून पाहिलं की तीनदा वाजणाऱ्या ढणढणाटावर, कशावरही. लोक कार्ड विसरायचे पण चिठ्ठी मागून घ्यायचे. आंजी, सेलू, कुठून कुठून यायचे आणि विचारायचे, "चिठ्ठीवाली हाय का?" नववी नापास पोरीला नाव पडलं होतं, आणि ते मी स्वतः कमावलेलं होतं. बाकी अंगावरचे कपडेसुद्धा मावशीनं घेतलेले.

मावशीचा प्रसन्नदादा तेव्हा पुण्याहून परत आला. इंजिनिअरिंग झालेलं, नोकरी लागून सुटलेली, आणि बोलणं असं धुऊन इस्त्री केलेलं की मोसाजीसुद्धा त्याच्यासमोर जपून बोलायचे. मी "मले चमचा दे" म्हटलं की तो चमचा हातात धरून ठेवायचा. "मले नाही. मला. म्हण." मी "मला" म्हणेपर्यंत चमचा मिळायचा नाही. मावशी हसायची, "पाय, कसा मास्तर झाला माहा पोट्टा." मीही हसायचे. पाहुण्या पोरीला हसावं लागतं. त्याला वर्ध्याच्या एका केबलवाल्यानं रविवारी अर्धा तास दिला होता, गाणी आणि गेम यांवर गप्पा मारायला; आधी रेकॉर्ड करून ठेवायचे. दुकानात येऊन तो माझ्या टेबलाशी टेकायचा, "काय लिहितेस गं? दाखव." मला इतकं भारी वाटायचं. पुण्याला राहून आलेला माणूस माझं अक्षर वाचतो आहे. मी सगळ्या चिठ्ठ्यांची एक एक नक्कल वहीत ठेवायचे. ती वहीच त्याला दिली. हे मी माझ्या हातानं केलं.

एका रविवारी गोळाभाताचं पान मांडलेलं, टीव्ही लावलेला, आणि पडद्यावर प्रसन्नदादा म्हणाला, "या गाण्यात नायक रडतो खरा, पण बासरी त्याच्या आधीच रडून मोकळी झालेली असते." मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मोसाजी म्हणाले, "डोकं हाय बे पोट्ट्याले." मावशीनं शेजारी बसलेल्या दादाच्या पानात आणखी एक गोळा ठेवला, वरून तेल सोडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी भात कालवत राहिले. मला वाटलं पुढं म्हणेल, हे आमच्या दुकानातल्या पोरीचं वाक्य आहे म्हणून. आजीची जीन्स आली, मोटारसायकल आली, सगळं 'मला'मध्ये आलं, इस्त्री करून. माझं नाव आलं नाही. जेवण झाल्यावर मी ताटं घासली. पुढचे तीन रविवारही नुसती ताटंच घासली.

पाचव्या रविवारी त्यानं डोक्यावर ओढणी घेतली. कार्यक्रमाच्या शेवटी हसवण्यासाठी एक पात्र काढलं होतं, नाव 'चिठ्ठीवाली बाई'. गाल फुगवून, डोळे मिचकावून तो म्हणाला, "मले त बाप्पा हे गानं लय आवडून राह्यलं व!" माझ्या वहीतली जी मतं त्याला स्वतःच्या तोंडी शोभेशी वाटली नाहीत, ती त्यानं या बाईच्या तोंडी घातली. शहाणी वाक्यं त्याची, वेडी वाक्यं माझी. दुसऱ्या दिवसापासून शाळेतली पोट्टी काउंटरवर यायची आणि गाल फुगवून म्हणायची, "ओ चिठ्ठीवाली, मले बी एक देनं व!" गाणी भरायला येणाऱ्या बायका चिठ्ठी मागताना लाजायला लागल्या. जे नाव मी कमावलं होतं ते पंधरा दिवसांत शिवीसारखं झालं.

मी त्याला एकदाच विचारलं. स्वयंपाकघरात सांबार निवडत होते, तो पाणी प्यायला आला. मी म्हटलं, "दादा, थे माहं होतं. वहीतलं."

"काय तुझं?"

"थे बासरीचं. अन् गाडीच्या गेमचं. साराच्या सारं."

तो मोठ्यानं हसला. "अगं, हे दुकान कशावर चालतं? लोकांची गाणी विचारल्याशिवाय उतरवून घेतो आपण. चोरीचा माल विकून जेवतेस आणि मला चोर म्हणतेस?"

मला उत्तर सुचलं. माझ्या आयुष्यात असं वेळेवर उत्तर फार कमी वेळा सुचलेलं आहे. मी म्हटलं, "आपन लोकायची गानी देतो. पन आपन गायलं असं सांगत नाई."

त्याचं हसू गेलं. पेला ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "हे बघ. ते वाक्य तू म्हटलंस तर कोण ऐकणार आहे? 'मले वाटून राह्यलं' म्हणणारीचं मत कुणी विचारतं का? मी म्हटलं म्हणून ते वाक्य झालं. आणि जरा आठव, राहतेस कुणाच्या घरी." पडद्यापलीकडे मावशी होती की नाही, मला अजून माहीत नाही. होती, असं मला वाटतं. ती आली नाही. मी सांबार निवडत राहिले आणि काड्याही भाजीत टाकल्या, आणि रात्री सगळ्यांच्या दातात काड्या आल्या तेव्हा मला थोडंसं बरं वाटलं.

एवढं झाल्यावर माणूस दुसरं कुणी गाठेल की नाही? पण त्याच्या मनात माझी किंमत इतकी कमी होती की आठ दिवसांनी तो पुन्हा माझ्याच टेबलाशी आला. नवरात्र जवळ आलं होतं. वर्ध्याला देवी बसतात त्याचा थाट पाहिलेल्यांना ठाऊक आहे. आमच्या वस्तीतल्या मंडळानं त्याला बोलावलं होतं, दुपारी चार वाजता, बायका-पोरांसाठी कार्यक्रम, भाड्यानं पडदा आणि प्रोजेक्टर. विषय होता जगातले पाच गेम, ज्यांचं संगीत ऐकायलाच हवं. "चार जमलेत," तो म्हणाला. "पाचवा आहे का काही तुझ्या डोक्यात? परदेशी हवा. कुणी न ऐकलेला."

मी म्हटलं, "हाय ना. पाहून सांगतो." 'सांगते' म्हणायचं ते घाईत आमच्याकडच्या बायकांसारखं 'सांगतो' झालं. त्यानं तेही दुरुस्त केलं.

प्रसन्नदादात एक खोट होती, ती मला दुकानात बसून कळली होती. 'मला माहीत नाही' हे त्याच्या तोंडून कधी निघत नसे. गिऱ्हाईक कुठलंही नाव घेवो, तो मान हलवायचा, "हो, ऐकलंय." आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे तेव्हा सगळे मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे. 'kay karun raila be', 'jevla ka', 'male nai mahit', असं दिवसभर. आंजीतल्या दुसरी शिकलेल्या माणसालाही ही अक्षरं डोळ्यांनी पाहिली की कानात वऱ्हाडी ऐकू यायची. दादाला नाही. त्यानं ते लिहिणं पुण्याला जातानाच सोडलं होतं. इंग्रजी अक्षर दिसलं की त्याची जीभ आपोआप परदेशात जायची.

तीन दिवस मी ती चिठ्ठी लिहिली. चारदा फाडली. इंग्रजीत नापास झालेली मी, एकेक अक्षर काढून गेमचं नाव लिहिलं MALE DISLA. संगीतकाराचं नाव लिहिलं CHORUN RAILA. देश लिहिला फिनलंड, कारण दुकानातल्या एका जुन्या मोबाइलच्या खोक्यावर तो छापलेला होता. आणि खाली मत लिहिलं, या खेपेला दादाच्या शुद्ध भाषेत: 'या गेममध्ये शेवटच्या टप्प्यापर्यंत संगीत वाढत जाते. शेवटच्या दारापाशी ते एकदम थांबते. मग फक्त खेळणाऱ्याचा स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि त्याला वाटते की आतापर्यंत वाजत होते ते आपल्याच छातीत.' असा गेम कुठंच नव्हता. पण ती माझी सगळ्यात चांगली चिठ्ठी होती. ती त्याला द्यावी लागली, वाईट वाटतं ते एवढ्याचंच.

रात्री जेवताना मोसाजींनी विचारलं, "झाली का बे तयारी?" दादा म्हणाला, "झाली. शेवटचा गेम तर असा आहे ना बाबा, पुण्याला असताना मी आठवडाभर झोपलो नव्हतो." मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. हसू आलं म्हणून की भीती वाटली म्हणून, आता आठवत नाही. त्या क्षणापर्यंत मी त्याला सांगू शकले असते. मावशीनं माझ्या ताटात न विचारता तिसरी पोळी टाकली, वर तूप, आणि म्हणाली, "खाय व. वाळून राह्यली." मी ती पोळी खाल्ली. सांगितलं नाही.

मंडपात गर्दी होती. पुढं पोट्टी, मागं बायका, कडेला पुरुष. गुलाबभाऊ सुट्टीवर होते, ते बायको-नातवासह आले होते. मी मागच्या बाजूला प्रसादाच्या परातीपाशी उभी होते. चार गेम झाले. दादा बरा बोलायचा, हे मी कबूल करते. आवाज चांगला होता, थांबायचं कुठं ते कळायचं. चारातली तीन मतं माझीच होती. मग पाचवं पान पडद्यावर आलं, हातभर मोठ्या अक्षरांत. दादा म्हणाला, "आणि हा, मित्रांनो, 'मेल डिस्ला'. संगीतकार, शोरन रैला."

पाचशे डोळे ती अक्षरं वाचत होते. आणि पुढच्या रांगेतून एका पोट्ट्याचा खणखणीत आवाज आला, "मले दिसला! चोरून राह्यला!"

पहिल्यांदा पोरं हसली. मग बायका, पदर तोंडाला लावून. दादाला वाटलं पोरं चिडवतायत, त्यानं हात वर केला. "शांत बसा. फिनलंडचा फार मोठा माणूस आहे हा. मी स्वतः त्याचा गेम खेळलोय." यावर तर मंडप कोसळायचाच बाकी राहिला. गुलाबभाऊ उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, बसमधल्या माणसांशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "पन कोन चोरून राह्यला, थे त सांग बापू! तुले दिसला म्हनतं, त नाव सांग!"

"अव, हे त चिठ्ठीवालीचं काम दिसते," कुणी बाई म्हणाली. "कोठं हाय थे?"

माना मागं वळल्या. दादानंही पाहिलं. मग तो पडद्याकडे वळला आणि त्यानं ती अक्षरं पुन्हा वाचली, या वेळी ओठ हलवत, हळू, पहिलीतल्या पोरासारखी. त्याच्या तोंडाला ती दोन अक्षरं म्हणताना मी पाहिलं. म-ले. मी आजवर कितीतरी गेममधली शेवटची लेव्हल पाहिली आहे, दैत्य पडतो, फटाके उडतात, आकडे पळतात. त्याच्या ओठांच्या त्या हालचालीची सर कशालाही नाही. परातीचा काठ धरून मी उभी होते, आणि मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज मोठा निघाला. "दादा, 'मले' नाई. 'मला' म्हनाचं."

तो स्टेजवरून उतरला आणि मंडपाच्या मागच्या कनातीतून निघून गेला. मंडळाच्या लोकांनी आरतीची कॅसेट लावली.

घरी कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मोसाजी एवढंच म्हणाले, "घरातलं घरात सांगाचं असते, बाई." मी म्हणणार होते की घरात सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, पडद्याच्या अलीकडे. म्हटलं नाही. मला आंजीला धाडायचं ठरलं आणि मावशीनं माझी पिशवी भरली. माझे कपडे घडी करताना तिनं एकेक बटण लावलं. पदराखाली डोळे पुसले आणि म्हणाली, "तू खोटी नाई व. पन थो माह्या पोटचा हाय." दादाच्या खोलीचं दार बंद होतं. माझी वही आतच राहिली. ती मला परत मिळाली नाही.

आता त्याचं स्वतःचं चॅनेल आहे, मोठं आहे. इथं होसूरला मी काम करते त्या कारखान्यातल्या बाया जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पाहतात, तेव्हा एकदा यवतमाळच्या एका पोरीच्या फोनवर तो अचानक दिसला. केस विरळ झालेत. आणि बोलत होता वऱ्हाडी! "मले त लय राग येऊन राह्यला बे!" वऱ्हाडीची आता फॅशन आहे, लोकांना गोड वाटते, तो 'मले' म्हणून टाळ्या घेतो. ती पोरगी म्हणाली, "ताई, किती आपल्यासारखं बोलते ना थो?" मी तिला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्याचा प्रत्येक व्हिडिओ पाहते, आणि प्रत्येक व्हिडिओखाली नापसंतीचा अंगठा दाबते. लाखांमध्ये माझा एक. त्याला दिसत नसणार. मी दाबते.

तर पिशवी भरली त्या सकाळी मावशी मला वर्ध्याच्या बस स्टँडवर घेऊन आली. मोसाजी येतो म्हणाले होते, तीच नको म्हणाली. आंजीची बस लागायची होती. बाकावर बसल्यावर तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. गोळाभात. वार मंगळवार होता.

बराच वेळ ती फलाटाकडे पाहत होती. मग म्हणाली, "थे बासरीचं. त्या रविवारी मी हसली, मले ठसका लागला. थे तुहं होतं?"

"हो."

"अन् आजीले जीन्स?"

"थे बी."

एक गाडी आली, ती समुद्रपूरची होती. मावशी म्हणाली, "म्हंजे मी तुह्या बोलावर हसली. त्याच्या नाई." आणि तिनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला, पोळ्या लाटून निबर झालेल्या, आणि धरून ठेवला. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. मला हवी होती तीच. पण मला ती तिथं हवी नव्हती. ती मला त्या घरात हवी होती, गोळाभाताच्या पानावर, टीव्हीसमोर, तो बसलेला असताना. मावशीला ते कळत होतं, मला वाटतं. म्हणूनच ती हात सोडत नव्हती.

बस आली. मला खिडकी मिळाली. ती खाली उभी राहून, गाडी हलेपर्यंत, गजाला धरून सांगत राहिली, डबा गरम आहे तोवर खाजो, बाबांना नमस्कार सांगजो, पाठीत थंडी भरू देऊ नको. आणि गाडी सुटल्यावर चार पावलं सोबत चालत, "पोचली की मिस कॉल देजो व! म्हंजे जिवाले लागनार नाई!"

मी आंजीला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. गिरणी चालू होती, बाबा पिठानं पांढरे झाले होते, त्यांनी काही विचारलं नाही. मी ओट्यावर बसून डबा उघडला, पुरता खाल्ला, बोटं चाटली. फोन काढला. तिचा नंबर काढून हातात धरून बसले. एक घंटी, मग कापायचं, एवढंच होतं. नालवाडीला ती पडद्याअलीकडे ओट्यापाशी फोन ठेवून बसली असेल, कुकरची शिट्टी झाली तरी कान इकडे, हे मला दिसत होतं.

मी घंटी न देताच फोन खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी तिचाच आला, पुरता कॉल, मिस कॉल नाही. "पोचली का व, माय?" आवाज बसलेला होता.

मी म्हटलं, "कव्हाची."